पालथा पेला

३ ऑगस्ट

वेंधळ्या,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच कुठेतरी सारून देशील, म्हणून पत्ता आमच्या नाट्यगृहाच्या मॅनेजरकडून लिहून घेतला. त्यांचं अक्षर बघून तुला वाटलं असेल, विम्याचं काहीतरी आलं. आता फोडलंच आहेस तर वाच.

मी नाटक बसवते आहे. लिहिलंयही मीच, आणि ते आपल्यावर आहे. नावं नाहीत त्यात, एक मुलगी आणि एक मुलगा, बस. पण आपलं मागचं स्वयंपाकघर आहे, आतल्या खोलीचं दार आहे, आई संध्याकाळच्या पाळीला गेलेली आहे आणि बाबा घरी आहेत. कारखान्यातून काढून टाकल्यानंतरचे बाबा.

काकांच्या कानावर गेलंच. घरातलं चव्हाट्यावर आणू नये म्हणून त्यांचा निरोप आला. मी म्हटलं, काका, तुमची आमची भिंत एक होती, तेव्हा तुम्ही सगळं फुकट ऐकलंत, आता तिकीट काढून नीट ऐका. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. चला, एक काम कमी झालं.

नाटकात आपला पेला आहे. तोच, कडेचा पांढरा रंग उडालेला. बाबांच्या मागे घर आवरलं तेव्हा मी तेवढाच उचलून आणला होता. पहिल्याच प्रवेशात मुलगी तो स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवते आणि भावाला समजावते: मी शाळेतून तुझ्या आधी येते. पेला उभा दिसला तर ये. आडवा दिसला तर पाय न वाजवता ये. पालथा दिसला तर येऊच नको, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या मावशींकडे जाऊन बस, आई येईपर्यंत. दहा-अकरा वर्षांच्या पोरीला हे सुचलं होतं, याचा मला आजही अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

आता दुसरं. बाबा गेले तेव्हा तू आला नाहीस. त्या दिवशी फोनवर मी म्हणाले, लहानपणी तुझ्या वाटचा मार मी खाल्ला, आणि तू मिसरूड फुटल्याबरोबर मला एकटीला टाकून पळालास. तू फोन ठेवलास तो ठेवलासच. ते शब्द मी परत घेत नाही, कारण ते खरे आहेत. हे नाटकही त्याच शब्दांवर उभं आहे.

पहिला प्रयोग १९ ऑक्टोबरला. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची तुझी. तुला कडेचीच लागते, म्हणजे उठून जाता येतं.

उत्तर आलं नाही तरी मी लिहिणार आहे. मी कशी आहे ते तुला ठाऊक आहे.

ताई


२४ ऑगस्ट

वेंधळ्या,

उत्तर नाही. ठीक आहे. पाकीट परत आलं नाही, यावरून समजायचं ते मी समजले.

आमचं कसं चाललंय ते सांगते. बाबा रंगमंचावर नाहीत. त्यांचं काम करायला दोघेजण तयार होते, दोघांचेही आवाज दणदणीत, पण मी नको म्हटलं. आतल्या खोलीचं दार कायम बंद, त्याच्याखालच्या फटीतून उजेड येतो आणि त्या उजेडात पावलांच्या सावल्या दिसतात. मोठी दोन पावलं. मुलगी आत गेली की समोर लहान दोन पावलं. बाकी आवाज नाही, काही नाही. सुतार म्हणाला, "बाई, एवढी फट ठेवली तर लोक म्हणतील सुताराचं माप चुकलं." मी म्हटलं, म्हणू देत, तुमच्या नावाची पाटी नाही लावणार. काल पहिल्यांदा त्या दारामागे दिवा लावून पाहिला. माझा हात आपोआप खिडकीतल्या पेल्याकडे गेला. तुला सांगते, एवढं चांगलं काम मी आजवर केलेलं नाही. वीस वर्षं दुसऱ्यांची नाटकं बसवून हात बसला तो बहुतेक याच्यासाठीच.

मुलीचं काम शाळेत पीटी शिकवणाऱ्या बाई करतात. उंच, सडसडीत, आवाज शिट्टीसारखा. तुझं काम करतो औषधांच्या दुकानातला एक जण. चाळिशी ओलांडलेली, डोक्यावर टक्कल, आणि हाफ पँटमध्ये त्याचे गुडघे पाहिले की पहिल्या दिवशी सगळे हसतात. दुसऱ्या दिवशी हसत नाहीत. दप्तराचा पट्टा तो असा काही धरतो की मला तुझा डावा खांदा दिसतो. त्याला मी यातलं काही सांगितलेलं नाही.

तरी त्याचं एका प्रवेशावर घोडं अडलंय. तिसरा प्रवेश. बाबा बिथरलेत, मुलगी आत आहे, खिडकीत पेला पालथा आहे. आणि मुलगा खिडकीसमोरच्या नळापाशी येतो, वर बघतही नाही, शीळ घालत थेट घरात शिरतो. तू शिरायचास तसा. लोक आधी हसतील, मग त्या फटीतली मोठी पावलं दाराकडे वळतील आणि हसू जागच्या जागी थांबेल. असा मी तो लिहिलाय. आणि या गृहस्थाला तो जमत नाही.

"ताई, पेला समोर आहे. तो मला दिसतोय. न दिसल्यासारखं कसं करू?"

"अहो, तो वेंधळा आहे. त्याचं लक्ष नसतं."

"मग शीळ का घालतो?"

"वेंधळा आहे म्हणून."

"वेंधळा माणूस रोज त्याच नळापाशी आल्यावर शीळ सुरू करत नाही हो."

मी म्हटलं, तुम्ही गोळ्या मोजा, नाटक मी बघते. त्याने पुन्हा करून बघितलं, पण प्रवेश काही सुधारला नाही. मला रागच आला. तुझ्याबाबतीत मी आईला नेहमी म्हणायचे तेच आठवलं, पालथ्या घड्यावर पाणी. किती वेळा समजावलं होतं तुला त्या पेल्याचं. तुझा ओठ फुटलेला मी ओल्या फडक्याने पुसायचे आणि विचारायचे, डोळे फुटले होते का तुझे. आणि तू म्हणायचास, "विसरलो."

तुझी बायको अधूनमधून मला खुशाली कळवते. तिच्यावर चिडू नकोस. ती म्हणाली, लिफ्ट बंद पडून माणूस आत अडकला की बाकीचे मेकॅनिक आधी हत्यारं काढतात, आणि तू आधी दाराला तोंड लावून आतल्याशी बोलत बसतोस. त्यावरून तुला साहेबाची बोलणीही बसतात म्हणे. बसणारच. काम आधी करावं माणसाने.

ताई


१३ सप्टेंबर

वेंधळ्या,

आज मी कोणाचा तरी राग तुझ्यावर काढणार आहे, असं समजून वाचायला बस. पण तसं होणार नाही. काय होणार आहे ते मलाच धड माहीत नाही.

काल दुपारची तालीम. पीटीच्या बाई एकाच ओळीवर सारख्या अडखळत होत्या. शाळेच्या स्पर्धा आल्यात, त्या दमल्या होत्या. मी त्यांना बोलायला लागले. माझं बोलणं तुला ठाऊक आहे, सुरुवात ओळीपासून होते आणि शेवट माणसाच्या सात पिढ्यांपाशी. त्या भिंतीला टेकून उभ्या, मान खाली. दिवेवाला नव्हता, सुतार नव्हता, कोणीच नव्हतं. मी मनात म्हटलं, बाकीचे सगळे कुठे उलथलेत?

तेवढ्यात जिन्यावर शीळ ऐकू आली. आमचे टक्कलवाले शीळ घालत आत शिरले आणि खुर्ची ओढून बाईंच्या शेजारी बसले. मी त्यांच्याकडे वळले. उशीर का, शीळ कसली, हे नाट्यगृह आहे की चौक, असं सगळं झालं. ते ऐकून घेत होते. बोलता बोलता माझं लक्ष जिन्याकडच्या खिडकीकडे गेलं.

खिडकीत पेला होता. पालथा.

मी खिडकीशी जाऊन बाहेर पाहिलं. सगळी मंडळी जिन्यावर बसलेली. दिवेवाला, सुतार, मॅनेजरसुद्धा, हातात चहा घेऊन. मला पाहून सुतार उठून उभा राहिला. म्हणाला, "बाई, रागावू नका. पहिल्यांदा गंमत म्हणून ठेवला होता." गंमत म्हणून. मग सवय झाली. माझा मूड बरा असला तर उभा, तसा नसला तर पालथा. माझ्या नाटकातून उचलून त्यांनी तो माझ्यासाठीच लावला होता, आणि महिनाभर मला पत्ता नव्हता.

मला काय वाटलं असेल, ते तुला लिहिण्याची गरज नाही. मी हात उचलत नाही कोणावर. पण जिन्यावर बसलेल्या माणसांना तो फरक मोजून दाखवायला मी गेले नाही. मला लाज वाटली, बस, एवढंच लिहिते.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मी आत वळले आणि टक्कलवाल्यांना विचारलं, "तुम्हाला पेला दिसला नाही?"

"दिसला की."

"मग आत कशाला आलात?"

त्यांनी खांदे उडवले. म्हणाले, "बाई एकट्याच होत्या ना आत."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते आल्यापासून मी बाईंना एक अक्षर बोलले नव्हते. बाई भिंतीपासून सुटून पाणी पीत होत्या. मी सगळी त्यांच्यावर घसरले होते, त्या शीळ घालणाऱ्यावर.

मी खाली बसले. सतरंजीवरच बसले. मॅनेजरांना वाटलं चक्कर आली, ते पाणी घेऊन धावत आले.

तुझ्याशी खोटं कशाला बोलू, कालपासून मी एकच करते आहे. एकेक दुपार काढून बघते आहे. ती मोठी पावलं माझ्यासमोर असायची. मग नळापाशी शीळ. मग ती पावलं वळायची. दर वेळी वळायची. आणि मी आतून मनात म्हणायचे, आला, मूर्ख, नेमका आत्ता आला.

नेमका आत्ता.

एवढंच विचारते, उत्तर दे. पेला तुला दिसायचा का?

ताई


२२ सप्टेंबर

दिसायचा का, एवढंच. एका शब्दाचं काम आहे. माझ्याशी बोलायचं नसेल तर नाट्यगृहात फोन करून मॅनेजरांना सांग. तिसरा प्रवेश मी थांबवून ठेवलाय. पुढच्या सगळ्या तालमी त्याच्या अलीकडे येऊन अडतात आणि लोक माझ्याकडे बघतात. त्यांना मी सांगितलंय, लेखकाला विचारलंय, उत्तर यायचंय. सुतार म्हणाला, "लेखक तर तुम्हीच ना?" मी म्हटलं, मलाही तसंच वाटत होतं.


६ ऑक्टोबर

भाऊराया,

मागच्या आठवड्यात एका सकाळी मी नाट्यगृहात शिरले तर मॅनेजर दारातच उभे. चेहरा असा, जणू कोणाची तरी तार घेऊन आलेत. म्हणाले, "तुमच्या भावाचा फोन होता."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, ताईला सांगा, दिसायचा."

"आणि?"

"आणि काही नाही. ठेवला फोन. मी विचारलंसुद्धा, काय दिसायचा? चष्म्याचं काही आहे का ताईंच्या? तोवर ठेवला होता."

मी मॅनेजरांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. बिचारा माणूस. त्याने माझी इतकी बोलणी खाल्ली आहेत की आता काय करावं ते त्याला कळेना, तो नुसता ताठ उभा राहिला, हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन.

तर तू बघत होतास. बघायचास, आणि मग शीळ सुरू करायचास, बाबांना ऐकू जावी म्हणून. आठ वर्षांचा होतास रे. मावशींकडे पंख्याखाली बसून रुमालांच्या घड्या करायच्या सोडून. आणि वर मी विचारलं की "विसरलो" म्हणायचास, का, तर खरं सांगितलं असतंस तर मी पेला ठेवणंच बंद केलं असतं. बरोबर ना? मी तुला ओळखते. म्हणजे, आता ओळखते.

आयुष्यभर मी लोकांना सांगत आले की मी माझ्या भावाला वाचवलं. ते खोटं नाही, पेला मीच ठेवत होते. पण तेवढंच सांगत आले.

फोनवरचे शब्द परत घेते. 'एकटीला टाकून' हे शब्द. बाकीचा राग कायम आहे. बाबांच्या वेळी यायला हवं होतंस, त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी. ते भांडण आपण समोरासमोर करू, पत्रात त्याची मजा नाही.

नाटक बदललं. शेवटी मुलीचं एक लांबलचक भाषण होतं, "मी त्याला वाचवलं" असं. सगळ्यात जीव ओतून मी तेच लिहिलं होतं आणि पीटीच्या बाईंनी आरशासमोर घोकलं होतं. कापलं. बाई दोन दिवस फुगून बसल्या. मग मी त्यांना तिसरा प्रवेश नव्याने करून दाखवला, तर म्हणाल्या, "भाषण नकोच मग." टक्कलवाल्यांना मी काही समजावलं नाही. एवढंच म्हटलं, त्याला पेला दिसतो. ते म्हणाले, "बरं." आणि पहिल्याच खेपेला केलं.

पेला मी जिन्याच्या खिडकीतून काढला नाही. माझ्या जिभेला हाड नाही, ते वयाच्या या टप्प्यावर फुटणार नाही. पण आता मी स्वतःच बघते, आज कसा ठेवलाय ते. पालथा असला की पाच मिनिटं जिन्यावर मंडळींबरोबर बसते आणि मग आत जाते. त्यांना ते अजून अवघड वाटतं. होईल सवय.

ताई


२० ऑक्टोबर

भाऊराया,

काल पहिला प्रयोग झाला.

तुझी खुर्ची रिकामी होती. काका आले होते, तिकीट काढून, आणि त्यांना नेमकी तीच हवी होती, कडेची. मी म्हटलं, ती भरलेली आहे. ते म्हणाले, कोणी दिसत नाही. मी म्हटलं, दिसत नाही तो तुमचा दोष.

मी विंगेत उभी होते. पहिले दोन प्रवेश नीट पार पडले. सुताराचं दार, दिवेवाल्याचा उजेड, पावलं, सगळं जिथल्या तिथे. मग तिसरा प्रवेश आला. पीटीच्या बाई पेला पालथा ठेवून आत गेल्या. दार लागलं. फटीत मोठी दोन पावलं, समोर लहान दोन.

आमचे टक्कलवाले हाफ पँटमध्ये नळापाशी आले. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं, गुडघ्यांना. त्यांनी वर पाहिलं. पेल्याकडे पाहिलं आणि उभे राहिले. एवढा वेळ उभे राहिले की प्रॉम्प्टरला वाटलं, ओळ विसरले, आणि तिने पुस्तकात बोट घातलं. मी तिचा हात धरला. मग त्यांनी दप्तराचा पट्टा सारखा केला, मावशींच्या दुकानाच्या दिशेला एकदा बघितलं, आणि घराकडे तोंड करून शीळ घातली. मोठ्याने.

फटीतली मोठी पावलं वळली.

कोणी हसलं नाही. टक्कलवाले पायऱ्या चढले, खिडकीत हात घालून पेला उभा केला, आणि आत गेले. पेला उभा करणं मी लिहिलेलं नव्हतं, त्यांनी ते ऐनवेळी केलं. एरवी मी माणसाची सालटी काढली असती.

पडदा पडल्यावर टाळ्या झाल्या, त्या झाल्याच. मला पुढे बोलावलं. मी भाषण करत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून मॅनेजर माझ्यासाठी आभाराच्या दोन ओळी लिहून घेऊन उभे होते. मी त्या घेतल्या नाहीत. मी तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, ही माझ्या भावाची जागा आहे. तो लिफ्ट दुरुस्त करतो. हे नाटक मी लिहिलं असं जाहिरातीत छापलंय, त्यातला तिसरा प्रवेश त्याचा आहे.

लोक वळून त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत टाळ्या वाजवत होते. काकांनीसुद्धा वाजवल्या, उशिरा सुरू केल्या पण वाजवल्या. माझी मान एवढी ताठ झाली होती की आज सकाळी ती वळत नाही, शेक घेत बसले आहे. आई असती तर म्हणाली असती, पोरीला गर्व झाला. झालाय. माझ्या भावाचा झालाय, आणि तो मी गावभर सांगत फिरणार आहे.

एक राहिलं. त्या लिफ्टवाल्या साहेबाला सांग, माझ्या भावाला शिकवायला जाऊ नकोस. अंधारात अडकलेल्या माणसाशी आधी बोलायचं असतं. दार नंतर उघडलं तरी चालतं. हे मला आतून माहीत आहे.

आता ये. पुढचा प्रयोग महिनाअखेरीला आहे, पण नाटकासाठी म्हणून येऊ नकोस, बायकोला घेऊन घरी ये. तिसरा मजला, लिफ्ट आहे आणि अधूनमधून बंद पडते, तेवढं बघून जा. आपल्याला भांडायचंही आहे. नवं स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूला आहे, खिडकी खालून दिसते. प्रयोग संपल्यावर मी पेला सुताराकडून मागून घेतला, त्याला दुसरा रंगवून दिला, आणि हा खिडकीत आणून ठेवला. उभा ठेवलाय.

तू त्याच्याकडे बघून कधी आलास म्हणा.

तुझी ताई